मिठाशी भांडण : किनाऱ्यावरच्या घरी गाडी आणि होडीची स्वतः करायची दुरुस्ती

बॅटरी धरून ठेवणाऱ्या पट्टीचा दहा नंबरचा बोल्ट सोडवायला घेतला आणि बोल्टचं डोकं पान्याबरोबर सरळ हातात आलं. फार जोर लावलाही नव्हता. खाली उरलेला दांडा बघितला तर खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटलेले. गाडी तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती.

घर देवबागला. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि मधे माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. गाडी समुद्राकडच्या खळ्यात उभी असते, होडी खाडीकडे. होडी फायबरची, सोळा फुटी, मागे छोटं आउटबोर्ड इंजिन. जवळचं गॅरेज मालवणात, नाहीतर थेट कुडाळ. प्रत्येक फुटकळ कामाला तिथवर जाणं परवडत नाही, म्हणून गेली काही वर्षं बरीचशी दुरुस्ती घरीच करतो. त्यातलं जे जमलं आणि जे अंगाशी आलं, ते इथे लिहितो आहे.

सुरुवातीला माझी मोठी चूक ही झाली की गंज दिसला की मी रंगाचा डबा उघडायचो. शेजारचे तांडेल काका एकदा बघत उभे राहिले आणि म्हणाले, "मीठ पुसून जायत नाय, धुवूक व्हया." त्यांचं सगळं होडीशास्त्र या एका वाक्यात आहे. आधी धुणं, मग वाळवणं, मग झाकणं. क्रम उलटला की मीठ आत कोंडलं जातं आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या रंगाखाली पत्रा निवांत सडत राहतो.

यामागचं कारण स्वयंपाकघरातच आहे. पावसाळ्यात बरणीतलं जाडं मीठ ओलं होतं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर 33 टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. कोकण किनाऱ्यावर हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे पत्र्यावर बसलेलं मीठ आपल्याला वाळलेलं दिसलं तरी वाळलेलं नसतं. ते चोवीस तास ओलं फडकं गुंडाळल्यासारखं काम करतं.

आधी पाणी तपासा

धुवायचं म्हणजे गोड्या पाण्याने. हे सांगायला नको असं वाटेल, पण किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. अशा पाण्याने गाडी धुणं म्हणजे तिला मिठाचा आणखी एक हात देणं. ओळखायची सोपी रीत म्हणजे साबण. नेहमीच्या अंगाच्या साबणाला फेस येईनासा झाला, हात चिकट राहिले, की ते पाणी गाडीला नको. काचेवर दोन थेंब ठेवून उन्हात वाळवा. मागे पांढरं कडं जाड उरलं तर समजा. मी पावसाळ्यात पन्हळीखाली दोन पिंपं लावून ठेवतो आणि ते पाणी इंजिनासाठी राखतो. उन्हाळ्यात टँकरचं पाणी आलं तर त्यातल्या चार बादल्या गाडीच्या.

गाडी धुताना बहुतेक जण टप आणि बॉनेटपासून सुरुवात करतात. आपल्याला खालून सुरुवात करायची आहे. पाइपाचं तोंड वर वळवून चाकांच्या कमानींच्या आत, दारांखालच्या पट्ट्यांच्या मागे, मागच्या बंपरच्या आत, एक्झॉस्टच्या वरच्या बाजूला पाणी मारा. वाळूची चिकटलेली ढेप निघेपर्यंत मारा, कारण ती ढेप म्हणजे मिठाचा ओला स्पंज. समोर एसीच्या जाळीवरही हलक्या धारेने पाणी सोडा. तिथल्या अल्युमिनियमच्या पात्या कागदासारख्या पातळ असतात, प्रेशर वॉशरने दुमडतात आणि मिठाने भुगा होतात.

मग दारं. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन बारीक भोकं असतात. काचेवरून आत गेलेलं पाणी त्यातून बाहेर पडायचं असतं. ती माती-वाळूने बुजली की दार आतून सडतं, आणि दार सडल्याचं बाहेर कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. भोकं मोकळी करायला तार घालू नका, रंग खरवडतो. झावळीचा हीर घ्या. खराट्यातला एक उपसला तरी चालतो. बेताचा लवचिक, बेताचा कडक, आणि तुटला तर आत कुजून जातो.

धुऊन झाल्यावर गाडी पाचदहा किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे ब्रेक आणि एक्झॉस्ट गरम होऊन वाळतात. परतल्यावर चारी दारं आणि डिकी तासभर उघडी ठेवा. प्लास्टिकचं कव्हर घालू नका. आत वाफ कोंडते, वाऱ्याने कव्हर हललं की अडकलेली वाळू रंगावर पॉलिश पेपरसारखी घासते. चारी बाजूंनी उघडी, वर पत्रा असलेली शेड उत्तम. आणि शेड माडाखाली नको. वरून पडलेल्या नारळाने बॉनेटला केलेला खळगा हा आमच्या गावातल्या गाड्यांचा ओळखीचा दागिना आहे.

जाम झालेला बोल्ट

किनाऱ्यावरच्या दुरुस्तीत निम्मा वेळ नट-बोल्ट सोडवण्यात जातो. ते नीट आलं तर बाकीचं काम सोपं असतं.

पाना घेताना सहा कोनी गोटी (बोल्टच्या डोक्यावर बसणारं सॉकेट) घ्या. बारा कोनी गोटी गंजलेल्या डोक्याचे कोपरे झिजवते. आधी तारेच्या ब्रशने बाहेर दिसणारे आटे स्वच्छ करा, नाहीतर नट अर्ध्यात येऊन त्या गंजातच पुन्हा अडकतो. मग गंज सोडवणारं तेल मारा आणि निघून जा. खरंच निघून जा. संध्याकाळी मारा, सकाळी पुन्हा मारा, दुपारी पाना लावा. बाजारातला स्प्रे नसेल तर डिझेलही चालतं, फक्त वेळ जास्त लागतो.

पाना लावल्यावर पहिला हिसका घट्ट करण्याच्या दिशेने, अगदी केसभर. गंजाचा धरलेला थर तिथे मोडतो. मग उलटं. पाव वळसा सुटला की पुन्हा थोडं घट्ट, पुन्हा तेल, मग अर्धा वळसा. सरळ ओढत गेलात की माझ्या बॅटरीच्या बोल्टासारखी गत होते. हलत नसेल तर डोक्यावर हातोडीचे चारपाच सरळ ठोके द्या, आट्यांना बसणारा धक्का कामाचा असतो. गॅसच्या टॉर्चने तापवणं हा पुढचा उपाय, पण पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी, रबर किंवा वायर हातभर अंतरात असेल तर आग लावायची नाही, आणि तेल मारलेल्या जागेवर तर नाहीच. तिथे नट कापून काढणं स्वस्त पडतं.

होडीवर वेगळा त्रास. स्टीलचा स्क्रू अल्युमिनियममध्ये बसवलेला असतो. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की त्यांच्यात बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो, आणि अल्युमिनियम पांढरी पूड होऊन स्क्रूला सिमेंटसारखं धरतं. म्हणून बसवताना प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना मरीन ग्रीस लावा. आज लावलेलं ग्रीस दोन वर्षांनी तुमचे दोन तास वाचवतं. नवे स्क्रू घेताना दुकानदार 'स्टेनलेस आहे' म्हणाला की ग्रेड विचारा. 304 वर काही महिन्यांत चहासारखे तपकिरी गंजाचे डाग पडतात, समुद्राला 316 लागतं.

हत्यारं वापरून झाली की गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हात देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मी सुरुवातीला ती पडवीत खिळ्याला टांगायचो. एका पावसाळ्यात पक्कड उघडेनाशी झाली.

गाडीखाली जाण्याआधी

आमच्याकडची जमीन वाळूची. जॅक वाळूत सरळ रुततो, आणि सरळ रुतला तर नशीब, कारण तो बहुतेकदा तिरका होतो. जॅकखाली दीड-दोन इंच जाडीची, दीड फूट लांब-रुंद फळी हवी. गाडी गिअरमध्ये, उरलेल्या चाकांना पुढून-मागून ओट, म्हणजे अडवणारे ठोकळे. गाडी उचलली की लगेच लोखंडी स्टँड लावायचे आणि त्यांच्याखालीही फळी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, मिनिटभरही नाही.

आणि स्टँडऐवजी जांभ्याचा चिरा लावायचा नाही. कोकणात प्रत्येक घराच्या मागे चार चिरे पडलेले असतात, हात आपोआप तिकडे जातो. जांभा भिंतीत दगड म्हणून उत्तम, पण एका टोकावर गाडीचा भार आला की कुठल्याही क्षणी खण्णकन दुभंगतो. आधी तडा दाखवायची तसदीही घेत नाही.

आता कामं. बॅटरीपासून सुरुवात करू, कारण किनाऱ्यावर 'गाडी चालू होत नाही' या तक्रारीत दोषी बहुतेकदा बॅटरी नसते, तिचे टर्मिनल असतात. हिरवट-पांढरी पूड दिसली की आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडवा, मग पॉझिटिव्ह. उलट केलंत आणि पॉझिटिव्हवर असलेला पाना बॉडीला टेकला तर ठिणग्यांचा पाऊस पडतो. कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून जुन्या दातांच्या ब्रशने घासा. हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये. गोड्या पाण्याने धुवा, कोरडं करा, आधी पॉझिटिव्ह आणि मग निगेटिव्ह घट्ट बसवा, वरून व्हॅसलिनचा थर. पुन्हा तोच क्रम, धुणं, वाळवणं, झाकणं.

मीटर असेल तर गाडी रात्रभर बंद राहिल्यावर मोजा. 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 दिसायला हवं. तितकं दिसत असूनही हेडलाइट मंद, हॉर्न घोगरा, तर अर्थिंगची वायर बघा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनाला जाणाऱ्या जाड वायरींची टोकं जिथे बोल्टने बसवलेली असतात तिथे गंज धरतो. बोल्ट काढून दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकचकीत करा, बसवा, वर ग्रीस. मला एकदा इलेक्ट्रिशियनने सेल्फ बदलायला सांगितला होता. निघाली ही वायर, आणि खर्च पॉलिश पेपरच्या एका तुकड्याचा.

हँडब्रेकचं छोटं आहे. किनाऱ्यावर गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागच्या ड्रममध्ये लायनर गंजाने चिकटतं. सपाट जागा, पहिला गिअर आणि चाकाला लाकडी ओट पुरतो. सकाळी डिस्कवर दिसणाऱ्या तांबूस गंजाला घाबरू नका, चार ब्रेक मारल्यावर जातो. मात्र चालवून आल्यावर एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल तर कॅलिपरच्या (डिस्कवर ब्रेक दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम झाल्या आहेत. हे काम मी गॅरेजलाच देतो. बॅटरीत चुकलं तर गाडी सुरू होत नाही. ब्रेकमध्ये चुकलं तर थांबत नाही.

गंजाचा डाग उठला तर

चाकाच्या कमानीवर रंगाला फोड आला की आधी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. टोक आरपार गेलं तर घरचं काम संपलं. तिथे वेल्डिंग हवं. दारांखालच्या पट्ट्या, सस्पेन्शन जिथे बसतं त्या जागा आणि चासीचे दांडे, यांना आरपार भोक असेल तर वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारणं म्हणजे स्वतःला फसवणं.

पत्रा आत शाबूत असेल तर वेळ निवडा. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पहाटे दव असतं, दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि ओल्या रंगावर मिठाची फवारणी करतो. मधली खिडकी छोटी असते. दव वाळल्यावर, मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा) पडलेली आणि खारा वारा अजून सुरू न झालेला, म्हणजे साधारण साडेनऊ ते बारा. माझी रंगाची सगळी कामं या अडीच तासांत.

आदल्या दिवशी जागा गोड्या पाण्याने दोनतीनदा धुऊन वाळवायची. सकाळी तारेच्या ब्रशने, मग 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं. फोडापुरतं नाही, चांगला चकचकीत पत्रा लागेपर्यंत. गंज रंगाखाली दिसतो त्यापेक्षा बोटभर पुढे गेलेला असतो. कडा 180 आणि मग 320 ने उतरत्या करा. हे घासताना पुन्हा मीठ वर येतं, म्हणून पुन्हा धुवा, पुन्हा वाळवा. ही पायरी सगळे गाळतात, आणि मी पहिल्या वर्षी गाळली होती तिथेच पुढच्या दिवाळीला फोड आले.

खड्ड्यांत तळाशी उरलेल्या काळसर गंजाला रस्ट कन्व्हर्टर ब्रशने लावा आणि डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. त्यावर दोन हात इपॉक्सी प्रायमर. लांबी भरायची असेल तर प्रायमरच्या वर. उघड्या पत्र्यावर लांबी लावली की ती ओल शोषते आणि धरून ठेवते. मग रंग, मग लॅकर. शेवटी आतल्या बाजूने, म्हणजे कमानीच्या किंवा दाराच्या पोकळीत, लांब नळीच्या स्प्रेने मेण मारा. बाहेरचा रंग लोकांसाठी असतो, आतलं मेण गाडीसाठी.

होडी वर घ्यायची कधी

कॅलेंडर बघा, पण तिथीचं. आमच्याकडचे जुने लोक भरतीची वेळ तिथीची पाऊणपट करून काढतात. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या. हा अंदाज आहे, आणि खाडीत जितकं आत जाल तितका उशीर, पण कामाला पुरतो. दुरुस्तीसाठी होडी उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला जितकी वर नेता येईल तितकी न्या. पाणी उतरलं की पुढचा आठवडा भांगाकडे, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीकडे जाणारा, भरती रोज खाली खाली. म्हणजे होडी कोरडी राहील असे सातआठ दिवस हातात येतात. पुढचं उधाण तिला जवळजवळ स्वतःच उचलतं.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि तेव्हा गावातल्या होड्या शाकारलेल्या, म्हणजे वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात. त्या काळात फायबरचं काम काढू नका. हवेतच इतकं पाणी असतं की काही वाळत नाही. फायबरची वेळ एप्रिल-मे किंवा पाऊस गेल्यावर नोव्हेंबरनंतर.

फायबरची भेग

खडकाला घासून किंवा नांगर आपटून पडलेली भेग आधी वाचायला शिका. रुपयाच्या नाण्याने भेगेभोवती टकटक करत जा. टणक आवाज म्हणजे थर एकमेकांना धरून आहेत. मडक्यासारखा बोद आवाज आला तर आतले थर सुटलेत, भेग वरून बोटभर दिसली तरी. बोद आवाजाच्या हद्दीवर पेन्सिलने रेघ मारा. दुरुस्ती तेवढी.

1. गोड्या पाण्याने भरपूर धुवा आणि किमान तीनचार दिवस वाळू द्या. वाळलं का ते बघायला त्यावर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर उन्हात ठेवा. संध्याकाळी कागदाच्या आत दव दिसलं तर आणखी वाळवायचं.

2. ग्राइंडरने सुटलेलं सगळं काढा आणि कडा उतरत्या करा. उताराची लांबी जाडीच्या बारापट. होडीचा तळ 4 मिलिमीटर जाड असेल तर चारी बाजूंनी जवळजवळ 5 सेंटिमीटर. भोक लहान आणि खड्डा ताटाएवढा दिसतो, घाबरू नका, जोड या उतारावरच धरतो. लांब बाह्यांचा शर्ट, मास्क आणि चष्मा घाला. फायबरची धूळ अंगात शिरली की खाजकुयली बरी वाटते. अंघोळ थंड पाण्याने करा, गरम पाण्याने ती आणखी आत जाते.

3. मॅट, म्हणजे काचतंतूंची चटई, कापून ठेवा. 450 ग्रॅमच्या मॅटचा एक थर वाळल्यावर साधारण 1 मिलिमीटर होतो, म्हणजे इथे चार तुकडे, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान. मी सगळ्यात मोठा तुकडा आधी लावतो.

4. पॉलिएस्टर रेझिन मोजा. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीचपट. एक फूट चौरस तुकडा साधारण 40 ग्रॅम, त्याला 100 ग्रॅम रेझिन पुरे. हार्डनर 1 ते 2 टक्के, म्हणजे 100 ग्रॅमला दीड मिलिलिटर. औषधाच्या सिरिंजने मोजा, अंदाजाने ओतू नका.

इथे थांबून एक गोष्ट. आपल्याकडे रेझिनबरोबर दोन बाटल्या मिळतात, जांभळट कोबाल्ट अॅक्सिलरेटर आणि पाण्यासारखा हार्डनर. या दोन बाटल्या एकमेकींत कधीही ओतायच्या नाहीत, थेंबभरही नाही. स्फोट होतो. आधी अॅक्सिलरेटर रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, त्यानंतरच हार्डनर. रेझिनमध्ये अॅक्सिलरेटर आधीच घातलेला असेल तर उत्तम, दुकानात तेच विचारून घ्या. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा काढायचा नाही आणि बाजूला गोड्या पाण्याची बादली भरून ठेवायची.

5. जागा अॅसिटोनने पुसा, रेझिनचा हात द्या, तुकडा ठेवा, ब्रशने थापत रेझिन वर आणा. थापायचं, ओढायचं नाही. पांढरे ठिपके म्हणजे हवा. आपल्या उन्हाळ्यात हाताशी दहा-पंधरा मिनिटं असतात, म्हणून एका वेळी थोडंच कालवा. मी एकदा अर्धा किलो एकदम कालवलं. डबा हातात तापला, धूर निघाला आणि सगळं पिवळ्या दगडासारखं घट्ट झालं.

6. शेवटच्या थराचा पृष्ठभाग हवेमुळे चिकट राहतो. त्यावर जुना पारदर्शक फोल्डरचा कागद सपाट दाबून बसवा, दुसऱ्या दिवशी सोलून काढा. खाली काचेसारखं निघतं. मग घासून जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर.

एक सावधानता. पूर्वी कोणी इपॉक्सीने दुरुस्ती केली असेल तर त्यावर पॉलिएस्टर रेझिन नीट धरत नाही. उलटं चालतं, पॉलिएस्टरवर इपॉक्सी धरतं.

आउटबोर्ड

प्रत्येक फेरीनंतर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात उभं करा, पाणी ओढणाऱ्या जाळीच्या वर हातभर पाणी हवं, आणि न्यूट्रलमध्ये दहा मिनिटं चालवा. मागून पाण्याची बारीक धार यायला पाहिजे. धार नसेल तर ताबडतोब बंद करा. पंपातलं रबरी चक्र, इंपेलर, कोरडं फिरलं तर काही सेकंदांत करपतं. भोक बुजलं असेल तर हीर आहेच. इंपेलर दर दोन वर्षांनी बदलून टाका, चांगला दिसला तरी.

पंखा (प्रोपेलर) महिन्यातून एकदा काढा. पिन सरळ करा, नट काढा, पंखा ओढा आणि मागे दांड्याला तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलेला आहे का बघा. जाळ्याचा एवढासा तुकडा गरगर फिरून सील कापतो आणि पाणी गिअरमध्ये शिरतं. पाणी शिरलं की नाही ते गिअर ऑइल सांगतं. खालचा स्क्रू सैल करा. आधी पाण्याचे थेंब आले किंवा ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं तर सील गेलं. नवं ऑइल भरताना खालच्या भोकातून वर दाबत न्यायचं, वरच्या भोकातून बाहेर आलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग नळी काढून खालचा. वरून ओतलंत तर हवा अडकते. वॉशर नवे.

इंजिनाच्या पायाला एक राखाडी ढेकूळ स्क्रूने बसवलेलं असतं, जस्ताचं किंवा अल्युमिनियमचं. ते झिजण्यासाठीच आहे, इंजिनाऐवजी ते गंजतं. निम्मं झिजलं की बदला. त्याच्यावर रंग मारू नका. मी पहिल्या वर्षी हौसेने सगळं इंजिन रंगवलं, त्यात तेही रंगवलं, आणि पुढच्या वर्षी पायाच्या अल्युमिनियमला खड्डे.

पेट्रोल आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं मिळतं, आणि इथेनॉल पाणी ओढतं. दोन महिने ठेवलेल्या टाकीच्या तळाशी पाण्याचा वेगळा थर जमू शकतो, आणि इंजिन नेमका तोच आधी पितं. म्हणून टू-स्ट्रोकचं मिश्रण, 50 ला 1 असेल तर लिटरला 20 मिलिलिटर ऑइल, त्या दिवसापुरतंच करा. होडी शाकारताना टाकी रिकामी, नळी काढून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा, आणि इंजिन उभं ठेवा म्हणजे आतलं पाणी गळून जाईल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. गाडीतून ती खाली पडून निघून जाते, होडी मात्र वाटीसारखी, तळात साठते. टाकी भरल्यावर थोडा वेळ जाऊ द्या, तळाशी वाकून वास घ्या, मगच दोरी ओढा.

इंजिन पाण्यात पडलंच तर ते काढून उन्हात वाळत घालू नका. लगेच गोड्या पाण्याने धुवा, प्लग काढून दोरी ओढत पाणी बाहेर घाला, सिलिंडरमध्ये ऑइल मारा आणि त्याच दिवशी चालू करा. तेवढा वेळ नसेल तर मेकॅनिककडे नेईपर्यंत गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवूनच ठेवा. खाऱ्या पाण्यानंतर हवा लागली की गंज घाई करतो.

निघालेलं जुनं ऑइल वाळूत ओतू नका, आपली विहीर त्याच वाळूत आहे. कॅनमध्ये साठवून गॅरेजला द्या.

पहिली फेरी

दुरुस्तीनंतर होडी भरती येत असताना पाण्यात घाला, ओहोटीत नाही. इंजिन बंद पडलं तर पाणी तुम्हाला आत, घराकडे ढकलेल. वल्हं, लाइफ जॅकेट, बालदी आणि नांगर बरोबर. इंजिन बंद करण्याची दोरी मनगटाला. काठापासून पन्नास हातांवर वीस मिनिटं घिरट्या घाला आणि डोळा दुरुस्तीच्या जागेवर ठेवा. तिथे आतून कोरडा टिश्यू टेपने चिकटवून ठेवलेला असला की फार बघावं लागत नाही. ओला झाला तर परत फिरा, होडी वर घ्या, आणि पुन्हा नाण्याने टकटक करायला बसा.

माझ्या पहिल्या भेगेला तो टिश्यू तीनदा ओला झाला होता. चौथ्या वेळी कोरडा निघाला, तो मी तांडेल काकांना नेऊन दाखवला. त्यांनी हातात घेतला, उलटा करून बघितला आणि त्याने चष्मा पुसला.